वाट सर्वांची, घाई कोणाची?

रस्ता कोणाचा, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटतो. ‘रस्ता सर्वांचा’ असे उत्तर पहिल्या इयत्तेतील मुलगाही देईल. परंतु उत्तर सोपे असले म्हणजे आचरणही सोपे असते, असे नाही. जी वस्तू एकट्याची असते तिची निगा तो एकटा तरी राखतो. जी सर्वांची असते तिच्यावर हक्क सांगावयास सारेच पुढे येतात, पण तिच्यासाठी क्षणभर थांबावयाची वेळ आली की प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागतो. सार्वजनिक वाटेची खरी परीक्षा ती मोकळी असताना होत नसते. अरुंद जागी दोघे समोरासमोर आले म्हणजे होते. आणि त्या दोघांपैकी एक पायी व दुसरा घोड्यावर असला, तर ती परीक्षा अधिकच कठीण होते.

ही परीक्षा जेथे रोजच्या रोज चालू आहे असे आपल्या मराठी मुलखातील गाव म्हणजे माथेरान. तेथील घोडे, तेथील पादचारी आणि तेथील तांबड्या मातीच्या वाटा यांविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. आमच्या जोयडा तालुक्यातील विद्यार्थ्याला माथेरान दूरचे वाटेल, आणि घोड्यांशी आपला काय संबंध, असेही त्याच्या मनात येईल. कारण आमच्याकडे राज्य आहे ते बैलांचे. परंतु वाचकहो, जंगलातून जाणारी वाट, ती पाहण्यासाठी बाहेरून येणारा पाहुणा, त्याच वाटेवर पोट भरणारा गावकरी, आणि मुकी जनावरे, या चौघांचा संबंध जेथे येतो तेथे प्रश्न एकच असतो. माथेरानात तो आज उभा आहे. उद्या तो आपल्या उंबरठ्यावर येणार आहे. शेजाऱ्याच्या अनुभवावरून शहाणे होणे हे स्वतः ठेच खाऊन शहाणे होण्यापेक्षा केव्हाही बरे.

प्रथम त्या गावाची थोडी ओळख करून घेऊ. माथेरान हे रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीच्या डोंगरमाथ्यावर वसलेले आहे. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढला, आणि तेव्हापासून मुंबईकरांचे थंड हवेचे ठिकाण म्हणून त्याची ख्याती झाली. धनगर, ठाकर, कातकरी यांना हा डोंगर त्यापूर्वीच ठाऊक होता, हे सांगण्याचे मात्र पुष्कळ लोक विसरतात. पुढे १९०७ साली पीरभॉय कुटुंबाच्या पैशाने व परिश्रमाने नेरळपासून माथ्यापर्यंत लहान रुळांची आगगाडी झाली. परंतु माथेरानचे खरे वैशिष्ट्य त्या आगगाडीत नाही. ते आहे तेथे नसलेल्या एका वस्तूत. माथेरानात मोटार नाही. घाट चढून आलेल्या सर्व मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाडी असे अपवाद वगळले तर त्यापुढे मोटारीला प्रवेश नाही. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान व भोवतालचा प्रदेश पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला, त्यामुळे या नियमाला भक्कम आधार मिळाला.

मोटार नाही, म्हणजे मग दस्तुरीपासून बाजारापर्यंतची अडीच-तीन किलोमीटरची वाट कशी चालावयाची? एक तर पायी. नाही तर आगगाडीने. नाही तर, २०२५ पर्यंत तरी, माणसाने ओढलेल्या हातरिक्षात बसून. नाही तर घोड्यावर. बाजारापुढे पॅनोरमा पॉइंट, शार्लोट तलाव, लुईझा पॉइंट, इको पॉइंट अशी जी अनेक स्थळे रानात विखुरली आहेत, तेथे आगगाडी जात नाही. तेथे पाय चालतात, किंवा टापा वाजतात. परवाना असलेले सुमारे साडेचारशे घोडे या गावात आहेत. २०११ च्या जनगणनेत ज्या गावाची वस्ती साडेचार हजारांच्याही आत होती, त्या गावात इतके घोडे, याचा अर्थ सरळ आहे. घोडा ही तेथे करमणुकीची वस्तू आहे ती पाहुण्याला. गावकऱ्याला तो भाकरी देणारा घरचा माणूसच आहे. किराणा, भाजीपाला, स्वयंपाकाच्या गॅसच्या टाक्या यांचे ओझेही पुष्कळसे जनावरांच्याच पाठीवरून जाते.

आता या वाटांवरील तक्रारी ऐकू. पादचारी म्हणतो: आम्ही येथे शांतपणे चालावयास आलो, मागून भरधाव घोडा आला की आम्हांला झुडपात उडी घ्यावी लागते. उन्हाळ्यात टापांनी तांबडी धूळ उडते, पावसाळ्यात त्याच मातीचा चिखल होतो, आणि लिदीचा वास तर बारमाही. त्याच्या या म्हणण्यात खोटे काही नाही. मोठा घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतो. माथेरानातील तट्टे अंगाने लहान असली तरी साडेचारशेंचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतःच करून पाहावा. शिवाय धोका केवळ पादचाऱ्याला नाही. ज्याने जन्मात कधी रिकिबीत पाय घातला नाही असा शहरातील तरुण घोड्यावर बसतो, दोन मिनिटांत त्याला आपण बाजीराव झाल्यासारखे वाटू लागते, आणि तो घोडा पिटाळतो. २०२३ च्या जानेवारीत माथेरानात एका तरुण पाहुण्याला घोड्यावरून पडून प्राणास मुकावे लागले. सहलीला गेलेला मुलगा घरी परतला नाही, याहून मोठी शोककथा एखाद्या कुटुंबाच्या वाट्याला काय यावयाची?

पादचाऱ्याची बाजू ऐकली. आता ज्याला वाचा नाही त्याचीही बाजू ऐकली पाहिजे. घोडा हा अंगाने मोठा आणि मनाने भित्रा प्राणी आहे. निसर्गाने त्याला शिंगे दिली नाहीत, नखे दिली नाहीत. दिले ते पळणारे पाय. वाघ-लांडग्यांपासून जीव वाचवीत ज्याच्या हजारो पिढ्या गेल्या, त्याला अकस्मात हललेले झुडूपही शत्रूसारखे भासते. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान न वळविता त्याला भोवतालचे बहुतेक सारे दिसते. पण अगदी नाकासमोरची थोडी जागा आणि नेमकी शेपटीमागची जागा त्याला दिसत नाही. म्हणूनच मागून गुपचूप जाऊन त्याच्या पाठीवर थाप मारणारा मनुष्य लाथ खातो, आणि वर जनावरालाच द्वाड ठरवितो. फटकन उघडलेली छत्री, वाऱ्यावर फडफडणारी प्लास्टिकची पिशवी, छायाचित्रासाठी तोंडाशी नेलेला मोबाइल, आरडाओरडा करीत अंगावर धावत येणारी मुले, यांपैकी कोणतीही गोष्ट शहाण्या घोड्यालाही बुजवू शकते. बुजलेला घोडा विचार करीत नाही, तो उधळतो. वाटेच्या एका अंगाला दरी असली तर त्या उधळण्याची किंमत काय, हे सांगावयास नको.

म्हणजे येथे एक मोठे नवल दिसते. माणूस घोड्याला भितो आणि घोडा माणसाला भितो; अपघात होतो तो बहुधा या परस्परांच्या भयातून, आणि त्या भयात घाईची भर पडते तेव्हा. मग वाट प्रथम कोणी द्यावी?

हा प्रश्न केवळ आपल्यापुढे आहे असे नाही. लंडन शहरातील हाइड पार्क हे सार्वजनिक उद्यान प्रसिद्ध आहे. तेथे सतराव्या शतकाच्या अखेरीस राजा तिसरा विल्यम याने एक रुंद मार्ग बांधविला होता. त्याच मार्गावर पुढे वाळू अंथरून घोड्यांची रपेट चालू राहिली, ती आजतागायत चालू आहे. चालणाऱ्यांची वाट निराळी, घोड्यांची निराळी. दोन्ही शेजारी शेजारी. जागा असेल तेथे याहून सोपा उपाय नाही. परंतु खेड्यापाड्यांतील अरुंद पायवाटांवर दोन वाटा कोठून आणाव्या? तेथे इंग्रजांनी १९६८ साली कायदा करून घोड्यांच्या वाटांवर सायकलींना जाऊ दिले; मात्र सायकलस्वाराने पादचाऱ्याला व घोडेस्वाराला वाट दिलीच पाहिजे, अशी अट त्याच कायद्यात घातली. २०२२ साली त्यांच्या रस्त्यांच्या नियमांत आणखी स्पष्टता आली. घोड्याशेजारून मोटार नेताना वेग ताशी दहा मैलांहून, म्हणजे सुमारे सोळा किलोमीटरांहून अधिक नसावा आणि मध्ये किमान दोन मीटर अंतर असावे, असे तेथे सांगितले आहे. अमेरिकेतील अनेक उद्यानांत वाटेच्या तोंडाशी एक त्रिकोणी पाटी असते. सायकलस्वाराने सर्वांना वाट द्यावी आणि पादचाऱ्याने घोड्याला वाट द्यावी, असा तिचा अर्थ.

पादचारी सर्वांत दुबळा; मग त्याने घोड्याला वाट का द्यावी, असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारील. उत्तर असे की तो मान घोड्याच्या मोठेपणाला नव्हे, त्याच्या भित्रेपणाला आहे. माणसाला थांबता येते, समजून घेता येते, चार पावले बाजूला सरकता येते. बुजलेल्या घोड्याला यांपैकी काहीच साधत नाही. ज्याला समजते त्याने थांबावे, हा न्याय आपल्या घरांतही चालतो. परंतु याचा अर्थ घोड्यावर बसलेल्याला मोकाट सुटण्याची सनद मिळाली असा नाही. आमच्या मते सामायिक वाटेचा सारा नीतिधर्म दोन वाक्यांत सांगता येईल. ज्याच्याकडून अधिक इजा होऊ शकते, त्याने अधिक सावकाश जावे. जो अधिक बुजतो, त्याला अधिक जागा द्यावी. पहिले वाक्य स्वारासाठी आहे, दुसरे पादचाऱ्यासाठी. दोघांपैकी एकानेच पाळले तर ते निष्फळ. दोघांनी पाळले तर पुष्कळसे तंटे मिटतील.

‘बळी तो कान पिळी’ हा जंगलाचा कायदा, असे आपण म्हणतो. जंगलातून गेलेली माणसाची वाट त्या कायद्याने चालू नये, एवढीच आमची मागणी आहे.

आता आमचे मत आम्ही उघड सांगतो. माथेरानातील घोडा घालवू नये. पण त्याची दौड थांबवावी. अनभिज्ञ पाहुण्याला पाठीवर घेऊन, चालणाऱ्यांनी भरलेल्या वाटेवर, घोडा कदम चालीपलीकडे जाऊच नये. लगाम पाहुण्याच्या हाती असला तरी मोतद्दार घोड्याशेजारून चालावा, आणि पाहुण्याच्या डोक्यावर शिरस्त्राण असावे. बाजारपेठेत, शाळेच्या वाटेवर आणि कड्यालगतच्या अरुंद जागी तर स्वाराने पायउतार होऊन चालण्यात कमीपणा मानू नये. घोड्याची चाल सावकाश झाली तर मजा जाईल, असे म्हणणाऱ्याला आमचे उत्तर असे की रानातील मजा पाहण्यात आहे, मागे टाकण्यात नाही. ज्याला घोडदौडच करावयाची असेल त्याने ती विद्या रीतसर शिकावी आणि मोकळ्या मैदानावर तिचा आनंद लुटावा.

काही दयाळू लोक याहून पुढे जाऊन म्हणतात, की घोड्यांचा हा धंदाच बंद करावा. मुंबईत २०१५ साली उच्च न्यायालयाने करमणुकीसाठी चालणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरविल्या, त्याचा दाखला ते देतात. त्या लोकांच्या कळकळीविषयी आम्हांला आदर आहे. परंतु मुंबईचा डांबरी रस्ता, तेथील मोटारींची गर्दी आणि तबेल्यांची कोंदट जागा कोठे, आणि माथेरानची सावलीतील मातीची वाट कोठे! दोन्हींना एकच माप लावणे न्यायाचे नव्हे. शिवाय घोडा गेला तर त्याची जागा रिकामी राहणार नाही. पाहुण्याला पाय दुखताच वाहन हवे असते. आज घोडा नको म्हणणारा उद्या मोटार मागेल. मोटार शिरली की माथेरानचे माथेरानपण संपले. या दृष्टीने पाहता साडेचारशे घोडे हे मोटारीविरुद्ध उभे असलेले माथेरानचे पायदळच आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

परंतु घोडा राखावयाचा, तर तो माणुसकीने राखला पाहिजे, याविषयी दुमत नसावे. याबाबत आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा आहे. १९६५ च्या नियमांनुसार ओझ्याच्या तट्टाच्या पाठीवर ७० किलोंहून अधिक भार लादता येत नाही. ओझ्याच्या जनावराला दिवसात नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक राबविता येत नाही. आणि जेथे उष्णता ३७ अंशांच्या वर जाते तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात त्याला कामास जुंपता येत नाही. आपण स्वतः जाडजूड असून लहानशा तट्टावर बसणाऱ्या गृहस्थाने यातील पहिला आकडा ध्यानात ठेवावा. आणि घोडेवाल्याविषयी एक गोष्ट न्यायाने बोलली पाहिजे. फेऱ्यांच्या संख्येवरच जर त्याची कमाई ठरणार असेल, तर तो घाई करणारच. त्याला दोष देऊन भागणार नाही. दर वेळेवर ठरवावा, अंतरावर नव्हे. तासाचे पैसे तासालाच मिळणार असतील तर घोडा दौडविण्यात त्याचा काही लाभ उरणार नाही, आणि जनावराला विसावा देण्यात तोटाही उरणार नाही. नियम मोडणाऱ्याला दंड करण्यापेक्षा नियम पाळणाऱ्याचे पोट भरेल अशी व्यवस्था करणे अधिक शहाणपणाचे.

वाटेचा प्रश्न निघाला की वाटेच्या अंगाचाही प्रश्न निघतो, आणि खरे घोडे पेंड खाते ते येथेच. माथेरानचा माथा आमच्या जोयड्यासारखाच जांभ्याचा. पावसाच्या धारांनी आणि टापांनी त्याची माती वाहून जाते, वाटेत खड्डे व घळी पडतात. म्हणून वाटांवर सिमेंटचे ठोकळे बसविण्याचे काम निघाले. त्यावर घोडेवाल्यांचा आक्षेप असा, की लोखंडी नाल गुळगुळीत कठीण ठोकळ्यावर घसरते आणि घोडा पडतो. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ६ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात न्यायालयाने मधला मार्ग दाखविला: दस्तुरी नाक्यापासून गावातील शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ठोकळे असावेत, परंतु आतील वाटांवर व रानातील पायवाटांवर ते घालू नयेत. आम्हांला हा निवाडा उचित वाटतो. मातीची वाट हा मागासलेपणा नव्हे. तीवरून पाऊल सुखाने पडते, टाप घट्ट बसते आणि पाणी मुरते. मात्र मातीची वाट दर वर्षी दुरुस्त करावी लागते. कडेचे चर मोकळे ठेवावे लागतात, वाहून गेलेली माती पुन्हा भरावी लागते. सिमेंट एकदा ओतून मोकळे होणे सोपे. मातीची निगा राखणे कष्टाचे. पण सर्वांच्या वस्तूची निगा सर्वांनी राखावयाची नाही, तर कोणी राखावयाची?

त्याच आदेशात आणखी एक मोठी गोष्ट होती. माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा सहा महिन्यांच्या आत बंद करावी आणि ओढणाऱ्यांना विजेवर चालणाऱ्या रिक्षांच्या द्वारे पोटाचा मार्ग मिळवून द्यावा, असे न्यायालयाने बजाविले. अशा हातरिक्षांचे ९४ परवाने तेथे होते. विजेच्या रिक्षांचा प्रयोग २०२२ च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा आपला धंदा बुडेल या भीतीने घोडेवाल्यांनी विरोध केला होता. त्यांचे भय आम्ही समजू शकतो. परंतु या बाबतीत आमचे मत त्यांच्या बाजूचे नाही. शाळेत जाणारे मूल, आजारी माणूस, गरोदर स्त्री, वाकलेली आजी, यांना दस्तुरीपासून घरापर्यंत तंगडतोड करावयास लावून कोणाचेही हित साधत नाही. स्वातंत्र्यानंतर इतक्या वर्षांनी एका भारतीयाने दुसऱ्या भारतीयाला जनावराप्रमाणे ओढावे, ही तर लाजेची गोष्ट होती. मुख्य रस्त्यावर मोजक्या विजेच्या रिक्षा, आणि रानातील स्थळांकडे घोडे व पादचारी, अशी कामाची वाटणी झाली तर कोणाच्याही ताटातील भाकरी जाणार नाही. मात्र विजेची रिक्षा आवाज न करता येते, हे तिच्या चालकाने विसरू नये. मागून मुक्याने येणारी वस्तू घोड्याला सर्वांत जास्त बुजविते. वर सांगितलेल्या दोन वाक्यांतील पहिले वाक्य त्यालाही लागू आहे.

लिदीविषयी एवढेच सांगतो, की शेतकऱ्याच्या मुलाला ती घाण वाटत नाही; तो तिच्यात खत पाहतो. रोज सकाळी वाटा झाडून ती गोळा केली, तिचे खत किंवा गोबरवायू केला, तर तक्रारीचेच उत्पन्न होईल. शेणाचा उकिरडा आणि शेणाचे सोने यांत अंतर असते ते केवळ एका टोपलीचे आणि थोड्या श्रमाचे.

आता आपल्या घराकडे वळू. विद्यार्थी बंधुभगिनींनो, आपला जोयडा तालुका म्हणजे काळी नदीचे माहेर. २००७ साली येथे दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प झाला. २०१५ पासून तो काळी व्याघ्र प्रकल्प या नावाने ओळखला जातो. हे रान पाहण्यासाठी दूरदूरचे पाहुणे येतात. त्यांना घेऊन जीपगाड्या धावतात. कोणी सायकलवरून येतात, कोणी पायी रान तुडवितात. त्याच रस्त्यांवरून कुणबी बांधव डोक्यावर भारा घेऊन चालतो, गवळी धनगर गुरे हाकतो, आपल्यापैकी कित्येकजण शाळेला येतात, आणि अंधार पडला की रानातील खरे धनी त्यावरून जातात. येथे कोणाची वाट प्रथम?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मातीत पूर्वीपासून आहे. माघ महिन्यात उळवीला चन्नबसवेश्वराची जत्रा भरते. धारवाड-बेळगावकडील भाविक शृंगारलेल्या बैलगाड्या घेऊन घनदाट रानातून तेथे येतात. गाड्यांची रांग लागली की मोटारीला तिच्यामागून बैलाच्या चालीने जावे लागते. बैल थकला तर गाडी सुटते, बैलाला वैरण-पाणी होते, मग माणसे जेवतात. ज्याच्या बळावर यात्रा घडते त्याचा मान पहिला, हा त्या वाटेचा अलिखित कायदा आहे. तो कोणी पाटीवर लिहिला नाही. पाहुण्यांच्या जीपगाडीलाही तोच कायदा आपण शिकविला पाहिजे. आणि तो शिकविण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच येईल, जेव्हा आपण स्वतः तो पाळू.

कसा पाळावयाचा? गोष्टी लहान आहेत. सायकलवरून उतारावर येताना समोर गुरे दिसली, तर घंटी बडवीत त्यांच्यात घुसू नये, उतरून चालावे. जनावरामागून येताना तोंडाने हाक द्यावी, म्हणजे आपण माणूस आहोत हे त्याला कळते. घोडा किंवा बैलजोडी समोरून आली तर वाटेच्या एकाच बाजूला सर्वांनी उभे राहावे. निम्मे इकडे, निम्मे तिकडे असे विखुरले की जनावर मध्ये कोंडल्यासारखे होऊन बिथरते. छत्री मिटून घ्यावी, लहान भावंडाचा हात धरावा. सहलीला माथेरान किंवा महाबळेश्वरला गेलात आणि घोड्यावर बसण्याची हौस झाली, तर अवश्य बसा. मोतद्दाराला ‘पळवा, पळवा’ म्हणून डिवचू नका, आणि उतरल्यावर घोड्याच्या मानेवरून एकदा हात फिरविण्यास विसरू नका. पालकांनाही आमची विनंती आहे, की मुलाच्या हट्टासाठी घोडा दौडविण्याचे अधिक पैसे देऊ करू नयेत. पैसे देणाऱ्याची घाई हीच घेणाऱ्याची घाई होते.

भीमथडीच्या ज्या तट्टांवरून मराठे मुलूखगिरीला गेले, त्यांची चपळाई आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्या काळच्या शिलेदाराला आपले घोडे केव्हा दौडवावे आणि केव्हा थोपवावे, हे दोन्ही कळत होते. घोड्याला पिटाळण्यास चाबूक पुरतो. थोपविण्यास हात शिकलेला असावा लागतो.

घाई करणाऱ्याला आपल्याकडे विचारतात, “काय रे, घोड्यावर बसून आलास की काय?” या म्हणण्यात घोड्याची उगाच बदनामी झाली आहे. घोड्याला घाई नसते. ती त्याच्यावर बसलेल्याला असते. ती घाई आपण सोडली, तर एकाच अरुंद वाटेवरून टापा, पाऊले आणि चाके सुखाने जाऊ शकतील. आणि वाट सर्वांची, हे पहिल्या इयत्तेतील उत्तर मोठ्या माणसांच्या आचरणातही खरे ठरेल.